वाकळ

मंगळवारी दोन ते चार, वर्नेथच्या चर्चमागल्या हॉलमध्ये
सात बायका आणि मी.
मॉरीन हॅलिवेलनं पहिल्याच दिवशी विचारलं,
हाताला सवय आहे का सुईची?
म्हटलं, मागाची होती.
इचलकरंजीत सोळाव्या वर्षी
तुटलेला धागा जोडायचो, अर्धवट झोपेत.
ती म्हणाली, माझी आईपण. इथंच, कोपऱ्यावरच्या मिलमध्ये.
तिथं आता गाद्यांचं गोदाम आहे.

दाखवा, पिशवीत काय आणलंत.

दोन इरकली. एक माझी लोकरी पँट, गुडघ्यात विरलेली.
आणि तिची फिकट निळी नर्सची ट्यूनिक,
छातीवर उलट्या घड्याळाच्या पिनेची
बारीक बारीक भोकं.

कुमुद गेली त्याला अडीच वर्षं झाली.
कपाटाचं दार शाल्मली मला उघडू देत नव्हती
की मी तिला, आता आठवत नाही.
मग तिनंच ब्रिस्टलहून फोटो पाठवला:
बाबा, ट्यूनिकचं अस्वल करून देतात,
पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी बटणं.
नको म्हटलं. तुझी आई काही अस्वल नव्हती.
रात्री एकटाच हसलो,
कधीकधी होती.

ती अमळनेरची. गोधडी म्हणायची.
मी वाकळ.
बेचाळीस वर्षं हा तंटा मिटला नाही
आणि घरात पांघरायला होती
सेलमध्ये घेतलेली पिसांची दुलई.

कात्री लावायला तीन मंगळवार गेले.
नसरीनबाजी म्हणाल्या, भाईसाहब, कपडा रडत नाही, कापा.
आणि स्वतःच्या अम्मीचा दुपट्टा
घडी करून परत पिशवीत ठेवला.

इरकल कापलीच नाही. काठाशी जराशी कातरली
आणि फाडली. सरळ रेषेत गेली,
चांगलं सूत तसंच जातं, कुरकुर करत नाही.
ट्यूनिकच्या खिशात आतून निळ्या शाईचा डाग.
पेनाचं टोपण तिला कधी सापडलंय?

अडलो तो पँटशी.
एक्क्याऐंशी सालची. दोन इंच लांब होती मला,
इथल्या दुकानात माझ्या उंचीचं काही मिळेना.
सकाळी नऊला इंटरव्ह्यू.
कुमुद रात्रपाळीहून आली, कोटसुद्धा न काढता
पलंगाच्या कडेला बसली
आणि दोन्ही पाय आत दुमडून हातानं तुरपले.
टाके घाईचे. एक लांब, एक तोकडा,
मध्येच काळा दोरा संपून चॉकलेटी.
नोकरी काही लागली नाही त्या खेपेला.
पँट मात्र वीस वर्षं टिकली.

मॉरीन म्हणाली, ती दुमड उसवून घ्या,
सगळं कसं सपाट बसायला हवं.
उसवणी हातात घेतली. ठेवली. पुन्हा घेतली.
साडी फाडली होती मी, ट्यूनिक कापली होती.
पण तिनं घातलेला टाका
माझ्यानं उसवेना.

चौकोन तसाच घेतला, दुमडीसकट.
वरून धावदोरा घातला, तिच्या टाक्यांना चुकवत,
दिवसा झोपलेल्या माणसाच्या उशाशी
आपण चहाचा कप घेऊन जातो तसा.
मॉरीननं हात फिरवून बघितला.
फुगवटा लागला तिला. काही बोलली नाही.

पौष महिन्यात पार्सल ब्रिस्टलला गेलं.
रविवारी नातीचा फोन.
आजोबा, ह्याच्यात एका जागी काहीतरी जाड आहे.
पायाच्या अंगठ्याला लागतं.
काय आहे आत?
पँटचा पाय.
कुणाच्या?
माझ्या.
ती गप्प. अंगठ्यानं चाचपत असावी.
म्हटलं, बोचत असेल तर वाकळ फिरवून घे गं,
ती बाजू डोक्याकडे कर.
नाही बोचत, म्हणाली.
आणि आजोबा,
मम्मी म्हणते, ही गोधडी आहे.